वाकणावरची रेघ

माझ्या नावावर एक रेघ आहे. कोळशाच्या खाणीचा पट्टा नकाशात जिथं वळतो, तिथं ती मारतात. आमच्या कंपनीच्या तीन-चार खाणींत लोक तिला वर्षानुवर्षं माझ्या आडनावानं ओळखत आले. ती रेघ माझी नाही. एवढंच सांगायचं होतं आणि एवढ्यासाठी मला सत्तरी ओलांडावी लागली. पण त्या रेघेचा मला अभिमान आहे, आणि आधी तोच सांगतो, कारण तो कळल्याशिवाय लाज कशाची ते कळणार नाही.

मी बुऱ्हाणपूरचा. वडील शाळेत मास्तर होते. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूम, त्यामुळे घरात कुणी हळू बोलायला कधी शिकलंच नाही. डिप्लोमा करून मी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कोळशाच्या पट्ट्यात नोकरीला लागलो. जंगल, धूळ आणि कॉलनी. मोठी उघडी खाण होती आणि तिच्यात ड्रॅगलाइन होती.

ड्रॅगलाइन पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी काही वेळ तोंड मिटायचं विसरलो होतो. इमारतीएवढं यंत्र, पण त्याला चाकं नाहीत. दोन बाजूंना दोन प्रचंड बूट, ते उचलून एकेक पाऊल टाकत ते सरकतं. पुढे बूम, म्हणजे यंत्राचा हात, आमच्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीचे मिनार आडवे करून एकापुढे एक जोडावेत एवढी लांब. तिच्या टोकाला दोरखंडावर लोंबणारी बकेट, जिच्यात एखादी जीप सहज उभी राहील. ही बकेट कोळशावरची माती ओढून उचलते, अख्खं यंत्र वळतं आणि ती माती शेजारच्या खंदकात टाकतं. त्या खंदकातला कोळसा आधीच काढून झालेला असतो. ट्रक लागत नाही, रस्ता लागत नाही. एक पट्टा उघडायचा, त्याची माती मागच्या पट्ट्यात टाकायची आणि पुढे सरकायचं.

ऐकायला सोपं आहे. पण खणलेली माती फुगते. दाबून बसलेली होती तेव्हा जेवढी जागा घेत होती, त्यापेक्षा सुटी झाल्यावर जास्त घेते. मागच्या खंदकात ती मावेल का, की घसरून नुकत्याच उघडलेल्या कोळशावर येईल? सगळं नियोजन या एका प्रश्नावर चालतं. त्यासाठी जमीन कापून बघावी लागते, कागदावर. तापीच्या वाळूतलं टरबूज कापून आतला रंग बघावा तशी दर पन्नास मीटरला एक फाक. नकाशावर ही सुरी जिथं पडते त्या रेघेला म्हणतात सेक्शन लाइन. ती पट्ट्याला काटकोनात असली पाहिजे. सुरी तिरकी पडली की फाक खोटी.

आमच्याकडे या रेघा मारणारे एक ड्राफ्ट्समन होते. बहादरपूरच्या केळीवाल्या कुटुंबातले, माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो. हजारभर लोकांच्या त्या कॉलनीत आम्ही दोघंच बुऱ्हाणपूरकडचे. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून त्यांनी ड्रॉइंग बोर्डवरून मानही न उचलता विचारलं होतं, "कोणत्या घाटाचं पाणी प्यायला रे भो?"

"राजघाट."

"मग बस. चहा माझा."

दादांची रेघ बघण्यासारखी असायची. पेन्सिल टोकाला टेकवायचे, श्वास धरायचे आणि एका दमात रेघ पूर्ण. बुऱ्हाणपूरच्या जुन्या भुयारी विहिरींचा दाखला देऊन साहेब लोकांना ते बिनदिक्कत ऐकवायचे, "साहब, हमारे गाँव में बादशाही ज़माने में ज़मीन के नीचे से पानी लाये हैं, कुंडी से कुंडी. बिना कैलकुलेटर." साहेब हसायचे. पण अवघड नकाशा असला की तो दादांच्याच टेबलावर यायचा.

नव्वदच्या दशकात संगणक आले. आधी ते वेगळ्या, थंड खोलीत होते आणि बूट काढून आत जावं लागे. मग वरून आदेश आला की ड्रॉइंग ऑफिस आणि संगणक कक्ष एकत्र करायचे. पुढची दोन-तीन वर्षं आमच्याकडे एकत्रीकरणाची म्हणूनच ओळखली गेली. मधली भिंत पाडली. एका बाजूला ड्रॉइंग बोर्ड, दुसऱ्या बाजूला पडदे. जुन्या लोकांनी कागदावरचं सगळं आत भरायचं आणि आम्ही नव्यांनी ते पडद्यावर चालवायचं.

खाणीचं ते सॉफ्टवेअर शिकायला मला पाठवलं होतं. परत आल्यावर मी पहिल्यांदा सेक्शन लाइन आखल्या तो दिवस मी विसरणं शक्य नाही. पट्ट्याच्या मध्यावरून एक आधाररेघ द्यायची, अंतर पन्नास, डावीकडे लांबी इतकी, उजवीकडे इतकी. बटण दाबलं आणि त्या काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा एकामागून एक उमटत गेल्या, सगळ्या काटकोनात, सगळ्या सारख्या. मागावर चढवलेला ताणा दिसतो तसं ते दिसत होतं. दादांना जे काम तीन आठवड्यांचं, ते चहा निवायच्या आत झालं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती.

नव्या पट्ट्याचं नियोजन माझ्याकडे आलं. हा पट्टा एका नाल्यामुळे मध्येच वळत होता, कोपरात हात दुमडावा तसा. मी आधाररेघ वळवली, बटण दाबलं, नकाशे छापायच्या प्लॉटरवर कागद काढला. त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन खणांची चौकट असायची: काढणार, तपासणार, मंजूर करणार. पहिल्या खणात माझी सही. तपासणारे दादा.

सकाळी दहाच्या सुमाराला मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. अकराला साहेबांकडे बैठक होती. दादांनी चष्मा वर केला, कागदावर जवळजवळ नाक टेकवलं आणि बोट बरोबर वळणावर आणून थांबवलं.

"हे वाकणात काय केलं तू?"

"काय म्हणजे? कॉम्प्युटरनं काढलं ते."

"पाय ना जरा. आतल्या बाजूला रेघा एकमेकींवर चढल्या. बाहेर मोकळं रान पडलं."

"दादा, ते तसंच दिसतं. आकडे तो बरोबर काढतो."

"कसे काढतो? जिथं रेघा चढल्या तिथली जागा दोनदा मोजली ना त्यानं." त्यांनी पेन्सिल उचलली आणि वळणावर एक फुली मारली. मग वळणाच्या बरोब्बर मधून एक तिरकी रेघ ओढली आणि दोन्ही बाजूंच्या सेक्शन लाइन तिच्यापाशी आणून थांबवल्या, भिंतीपाशी माणसं थांबतात तशा. "अशी मधली रेघ दे. इकडच्यानं तिकडं जायचं नाही. आणि बाहेरच्या मोकळ्या रानात आखूड रेघा घाल. केळी लावताना आम्ही हेच करतो."

मी हसलो. बाजूच्या टेबलांवरचेही हसले. "दादा, ही काही केळीची बाग नाही."

ते रागावले नाहीत. त्यांची पेन्सिल तशीच कागदावर टेकलेली. मी घड्याळ दाखवलं. "आत्ता सही करून द्या. बैठक होऊ दे. वाकण मी दुपारी नीट करतो, तुमच्या गळ्याची शपथ."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दादांनी सही केली नसती. मला हे तेव्हाही माहीत होतं. त्यांनी केली, कारण मी गावाकडचा होतो. राजघाटाचं पाणी प्यायलेला माणूस शब्द मोडत नाही असा त्यांचा साधा हिशोब. सही केली आणि म्हणाले, "दुपारी म्हणजे दुपारी हं भो."

साहेबांपुढे फुली असलेला कागद कसा ठेवायचा? दादांच्याच टेबलावरचं रबर घेतलं आणि फुली, मधली रेघ, आखूड रेघा, सगळं खोडलं. कागद स्वच्छ झाला. बैठकीत साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुपारी दुसरं काम निघालं. मग आठवडा गेला. मग मला ते आठवेनासं झालं. अगदी प्रामाणिकपणे लिहायचं तर आठवायचं, पण मी आठवू दिलं नाही.

काही महिन्यांनी ड्रॅगलाइन वाकणापाशी आली. वाकणाच्या बाहेर माती मोजली त्याहून जास्त निघाली आणि आतल्या बाजूला ती टाकायची जागा मोजली त्याहून कमी होती. ढीग उंच होत गेला, त्याचा पायथा सरकला आणि नुकताच उघडलेला कोळसा मातीखाली गेला. माणूस कुणी खाली नव्हता, एवढं देवानं राखलं. पण एवढं मोठं यंत्र मागे आणून तीच माती दुसऱ्यांदा उचलावी लागली, आणि ते बूट उचलत उलट्या पावली येताना कॉलनीतल्या बायकापोरांनीसुद्धा पाहिलं.

चौकशी लहानशीच झाली. साहेबांनी कागद पसरला आणि विचारलं, "चेक किसने किया है?"

मी तिथंच उभा होतो. दादा माझ्या शेजारी. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ते वाट बघत होते. एखादा माणूस आता बोलेल म्हणून आपण थांबतो तसे ते थांबले. मग म्हणाले, "साइन तो मेरी है, साहब."

"आँखें जवाब दे गई हैं आपकी. पेंसिल वालों का ज़माना गया."

मी कागद गुंडाळायला घेतला.

दादांना रेकॉर्ड रूममध्ये पाठवलं, वर्कशॉपच्या पलीकडे, जिथं जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले असायचे. त्यांची नोकरी चार-पाच वर्षं उरली होती, ती त्यांनी तिथं काढली. कॅन्टीनमध्ये कुणी कागदावर सही मागितली की पोरं हसून म्हणायची, "आँख मूँदकर करवानी है तो रेकॉर्ड रूम जाओ." मीही तिथं बसलेला असायचो.

मग साहेबांनी मला सांगितलं, अशी चूक पुन्हा होणार नाही असं काहीतरी शोधून काढ. मी तो कागद पुन्हा काढला आणि खिडकीपाशी नेला. दादांची पेन्सिल नेहमी कडक असायची आणि दाबून चालायची. मी खोडलं होतं ते फक्त शिसं. कागद तिरका धरला तेव्हा उजेडात खाचा दिसल्या. फुली, मधली रेघ आणि तिच्यापाशी थांबलेल्या रेघा, बाहेरच्या आखूड रेघाही. जसंच्या तसं सगळं कागदात बसलेलं होतं. मी ते पाहून पडद्यावर उतरवलं. सॉफ्टवेअरमध्ये सेक्शन लाइन एकेक करून हातानं टाकायचीही सोय होती. मधली रेघ आखून मी दोन्ही बाजूंच्या लाइन तिच्यापाशी कापल्या.

जमलं. पुढच्या वाकणावर माती जिथं सांगितली तिथंच बसली. तो ढीग बघायला मी स्वतः गेलो होतो. मातीचा पायथा कोळशापासून ठरल्या अंतरावर असा थांबला होता जसा कुणी त्याला हात दाखवून थांबवला असावा. मला दुसऱ्या खाणींत शिकवायला पाठवलं. फळ्यावर वाकण काढायचो, मधली रेघ मारायचो आणि समोरच्या इंजिनिअरांचे चेहरे उजळायचे. त्या रेघेला माझं आडनाव कधी चिकटलं ते कळलं नाही. कळलं तेव्हा मी ते काढलं नाही.

दादा निवृत्त होऊन बहादरपूरला भावाच्या मळ्यात आले. एकदा सुट्टीत मी सगळं सांगून टाकायचं ठरवून त्यांच्याकडे गेलो. ते केळीची लागवड आखत होते. मला पाहून म्हणाले, "आला का? धर टोक."

गाठी मारलेल्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. बांध जिथं वळत होता तिथं आम्ही पोहोचलो. दोरी काटकोनात ताणली की आत आधीच्या ओळीवर चढायची. "पायलं? असंच लावलं तर आत केळीवर केळ आन् बाहेर गाय बसंल एवढी जागा." त्यांनी वळणावर एक खुंटी ठोकली, तिथून मधोमध एक रेघ फावड्यानं ओढली. "ही वाटणी. आता आखूड ओळी घे."

मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी..."

"खाणीत ही रेघ चालते ना आता?"

"चालते. सगळीकडे चालते."

"मंग झालं तर. दोरी ताण, ढिली पडली."

मी दोरी ताणली. दुपारपर्यंत आम्ही अर्धं शेत आखलं आणि मी ते न सांगताच घरी आलो. पुढच्या वर्षी दादा गेले.

निवृत्तीनंतर मीही बुऱ्हाणपूरला परतलो. खाणीतले जुनाट कागद निकाली निघत होते तेव्हा खाचांचा तो एक कागद मी उचलून आणला होता. तो कपाटात गुंडाळून ठेवला. गेल्या वर्षी इथल्या एका मंडळानं गावातल्या माझ्यासारख्या जुन्या मंडळींचा सत्कार करायचं ठरवलं. मानपत्र लिहायचं काम एका गणिताच्या शिक्षिकेकडे होतं. ती माहिती घ्यायला घरी आली. दादांची मुलगी. कॉलनीत दोन वेण्या घालून फिरायची, आता केस पिकायला लागले होते.

"काका, तुमची ती वाकणाची पद्धत मला नीट समजावून सांगा. चुकीचं लिहायला नको," ती म्हणाली आणि वही उघडली.

मी उठलो, कपाटातून तो कागद आणला आणि खिडकीपाशी तिच्यासमोर तिरका धरला.

खाचांवरून तिनं बोट फिरवलं. "ही बाबांची फुली आहे. माझ्या वहीत अशीच मारायचे." मग खाली चौकटीतली सही पाहिली. मी सगळं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता. ती मध्ये एकदाच बोलली.

"खोडलं कशानं?"

"त्यांच्याच रबरानं."

चहा निवला. घरातल्यांनी मावा जिलबीची बशी आणून ठेवली होती, तिला दोघांनीही हात लावला नाही. ती म्हणाली, "रेकॉर्ड रूममध्ये गेल्यापासून बाबा माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायच्या आधी सगळ्या मार्कांची पुन्हा बेरीज करून बघायचे. मी चिडायचे. म्हणायचे, शाळेवर तरी विश्वास ठेवा." तिनं वही बंद केली. "आम्हाला वाटायचं बाबांच्या हातून मोठी चूक झाली म्हणून ते त्यावर बोलत नाहीत. आई शेवटपर्यंत तेच समजत गेली, काका."

मी कागद तिच्यापुढे तसाच उलगडलेला ठेवला.

उठताना ती म्हणाली, "मानपत्र बाबांच्या नावानं होईल. तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचं आणि ती कोणाची ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

मी सांगितलं. हॉलमध्ये शंभरेक माणसं होती, पुढच्या रांगेत बहादरपूरचे केळीवाले. मी वाकण काढलं, रेघा एकमेकींवर चढवल्या आणि मग मधली रेघ मारली. केळीवाल्यांपैकी एकजण मोठ्यानं म्हणाला, "अरे, हे तर आपलं वाटणीचं!" लोक हसले. मी म्हणालो, होय, तुमचंच. तिथून एका माणसानं ते खाणीत नेलं, आणि त्याच्यावर चुकीचा ठपका आला तो माझ्यामुळे. फळ्यावरची रेघ सरळ आली होती. इतकी वर्षं ती रेघ शिकवली, पण तिचा निर्भेळ अभिमान मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटला.

जुन्या खाणीत मी पत्रही पाठवलं, की त्या रेघेला माझं नाव लावू नका, दादांचं लावा. एका तरुण इंजिनिअरचा फोन आला. "सर, अब तो सॉफ़्टवेयर ख़ुद ही मोड़ पर काट देता है. नाम-वाम कोई नहीं लेता." मी म्हटलं, मग तूच घेत जा. तो हसला आणि त्यानं नाव लिहून घेतलं.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी तो दादांच्या मुलीकडे तपासायला दिला. माझी सही आधीच केलेली होती. तिनं आठवडाभर ठेवला. परत आला तेव्हा समासात एकाच ठिकाणी फुली होती, कडक पेन्सिलची, दाबून मारलेली. तिथं मी लिहिलं होतं की दादांनी मला केव्हाच माफ केलं होतं. फुलीपुढे तिनं विचारलं होतं, "हे तुम्हाला कसं माहीत?"

मला माहीत नाही. ते वाक्य मी काढून टाकलं. तिची फुली मात्र खोडलेली नाही.